देवाच्या वतीने बोलताना

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे येथे घेतली आहेत. त्यांचे विषय वरकरणी निरनिराळे आहेत: कोणी पाळकांविषयी विचारले आहे, कोणी देवाच्या प्रेमाविषयी, तर कोणी घरात आलेल्या मृत्यूविषयी. परंतु ती एकापाठोपाठ एक वाचताना मला ईयोबाच्या तेराव्या अध्यायातील एक प्रश्न पुनःपुन्हा आठवत राहिला. सर्वस्व गमावून राखेत बसलेला ईयोब आपल्याला धर्म शिकवू पाहणाऱ्या मित्रांना विचारतो, की देवाची बाजू घ्यायची म्हणून तुम्ही खोटे बोलणार आहात काय? या पत्रांमधील बहुतेक जखमा, देवाची बाजू राखण्याच्या हेतूने कोणीतरी बोललेल्या अशाच असत्य वाक्यांनी झालेल्या आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : आमच्या चर्चच्या इमारतीसाठी जमा झालेल्या वर्गणीचा हिशेब दोन वर्षांत मांडला गेलेला नाही. वार्षिक सभेत मी तो विचारला, तेव्हा एका वडीलजनांनी ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन ऐकवून मला खाली बसवले. पाळकसाहेबांविषयी मला मनापासून आदर आहे. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांनी आमच्या घरी रात्री जागून काढल्या आहेत. तरीही हिशेब विचारणे हा त्यांचा अनादर ठरतो काय?

प्रिय बंधू, ज्यांनी आपल्या वडिलांच्या उशाशी रात्री काढल्या त्यांच्याविषयीची कृतज्ञता आणि हिशेबाविषयीची अस्वस्थता या दोन्ही गोष्टी आपण एकाच पत्रात प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत. त्यांपैकी एकीसाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही.

आपल्याला ऐकवलेले वचन स्तोत्र १०५ मधील पंधरावे आहे. त्याच्या आधीची तीन वचने वाचली, की ते कोणाविषयी आहे हे स्पष्ट होते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब संख्येने थोडे होते, परक्या देशांत उपरे म्हणून फिरत होते, आणि बलाढ्य राजांनी त्यांना चिरडू नये म्हणून देवाने त्या राजांना दिलेली ही ताकीद आहे. म्हणजे हे दुर्बलांना दिलेले संरक्षण आहे. अधिकारावर असलेल्याला प्रश्नांपासून दिलेली मुभा नव्हे. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की या वचनामागची एक घटना उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात सविस्तर आलेली आहे. अब्राहामाने जिवाच्या भीतीने साराला आपली बहीण म्हणून सांगितले आणि गराराचा राजा अबीमलेख याने तिला नेले. देवाने राजाला स्वप्नात अडवले, अब्राहाम संदेष्टा आहे असेही सांगितले; पण दुसऱ्या दिवशी त्याच अबीमलेखाने अब्राहामाला बोलावून, तू आमच्याशी हे काय केलेस, असा जाब विचारला. त्याबद्दल देवाने राजाला दोष दिला नाही, आणि अब्राहामाला उत्तर द्यावे लागले. ज्या प्रसंगाच्या पायावर हे वचन उभे आहे त्या प्रसंगातच अभिषिक्ताला जाब विचारला गेला आहे, हे आपल्या वडीलजनांना आपण नम्रपणे दाखवावे.

दावीदाचे उदाहरणही याच कामासाठी नेहमी पुढे केले जाते. आपल्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाती लागलेला असताना दावीदाने त्याला इजा केली नाही. त्याच्या झग्याचा काठ कापला, तर त्याबद्दलही त्याचे मन त्याला खाऊ लागले. येथपर्यंत सर्व जण सांगतात. पुढे तो गुहेबाहेर आला, शौलाला लवून मुजरा केला, आणि शौलाबरोबर तीन हजार निवडक माणसे असताना मोठ्याने हाक मारून त्याचा अन्याय त्याला स्पष्ट शब्दांत सांगितला, हे मात्र सांगायचे राहून जाते. तो मुजरा आणि ते स्पष्ट बोलणे हे दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी केले. पवित्र शास्त्रातील आदर असा असतो.

पैशाच्या बाबतीत तर प्रेषित पौलाने स्वतःवरच बंधन घालून घेतले होते. यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी मंडळ्यांनी गोळा केलेला निधी पोहोचवताना त्याने इतर मंडळ्यांनी निवडलेल्या माणसांना बरोबर घेतले. एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणाला आपल्यावर ठपका ठेवण्यास जागा राहू नये आणि केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने सर्व व्यवहार सचोटीचा दिसावा, हे त्याचे कारण त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात नमूद केले आहे. आपल्या पाळकसाहेबांनी पै न् पै योग्य ठिकाणी खर्च केली असण्याचा पूर्ण संभव आहे. तसे असेल तर हिशेब मांडल्याने त्यांचेच नाव उजळेल, आणि तो मांडू न देणारे त्यांचे हितचिंतक त्यांना विनाकारण संशयाच्या छायेत उभे करीत आहेत.

आता रीतीविषयी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चार सलग वचनांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत: चांगला कारभार करणारे वडील दुप्पट सन्मानास पात्र आहेत, दोघा-तिघा साक्षीदारांवाचून त्यांच्यावरील आरोप ऐकून घेऊ नये, आणि जे पाप करतात त्यांचा सर्वांदेखत निषेध करावा. सन्मानाच्या वचनापाठोपाठ मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये आणि कामकऱ्याला मजुरी मिळावी हेही आले आहे, म्हणजे सन्मानात वेळेवर आणि पुरेसे वेतन देणेही धरलेले आहे. पुष्कळ मंडळ्या हात जोडण्यात कमी पडत नाहीत. वेतन मात्र उशिरा देतात. आपण प्रथम पाळकसाहेबांना एकट्याने भेटावे, मग कार्यकारी मंडळाला लेखी विनंती करावी, आणि ती एका माणसाविषयी न करता संपूर्ण निधीविषयी करावी. ज्यांचा या कारभाराशी संबंध नाही अशांच्या घरी बसून या विषयाची चर्चा मात्र करू नये.

एक गोष्ट मी येथे मुद्दाम वेगळी सांगतो, कारण मागील काही पत्रांतून तिची गरज मला जाणवली आहे. एखाद्या धर्मसेवकाकडून बालकावर किंवा स्त्रीवर अत्याचार झाल्याची तक्रार असेल, तर एकट्याने भेटण्याची ही रीत तेथे लावू नये. तेथे पीडित व्यक्तीला सुरक्षित करावे आणि विनाविलंब पोलिसांकडे जावे. मंडळीचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसा असे सांगणारा मनुष्य देवाच्या नावाचे रक्षण करीत नसतो.

दोन लहान प्रश्न : ज्या पाळकांच्या हातून माझा बाप्तिस्मा झाला त्यांना पुढे गैरवर्तनामुळे सेवेतून काढण्यात आले. माझा बाप्तिस्मा खरा आहे काय? आणि, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असे प्रभूने सांगितले असताना धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणावे काय?

पहिल्या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने पवित्र ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा काही धर्मसेवकांनी भीतीने ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. अशांच्या हातून झालेले संस्कार खरे मानावेत की नाही, यावरून उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्तसभा दुभंगली आणि तो वाद शतकाहून अधिक काळ चालला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी दिलेले उत्तर पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने स्वीकारले: बाप्तिस्मा देणारा खरोखर ख्रिस्त आहे, सेवकाचा केवळ हात असतो, विश्वासघात करणाऱ्या यहूदाने ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांनाही ख्रिस्तानेच दिला. आपला बाप्तिस्मा खरा आहे. निश्चिंत असावे.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू मानाच्या पदव्यांची हाव धरणाऱ्यांविषयी बोलत आहे. ज्या पौलाने करिंथच्या विश्वासणाऱ्यांना, सुवार्तेच्या योगे मीच तुम्हाला जन्म दिला, असे लिहिले, त्याने ही आज्ञा मोडली असे कोणी म्हणत नाही. आपण ‘फादर’ म्हणा, ‘पाळकसाहेब’ म्हणा. ऐकणाऱ्याला त्या शब्दाने जबाबदारी आठवावी, मोठेपणा नव्हे.

प्रश्न : मी पन्नाशी ओलांडलेली स्त्री आहे. गेली नऊ वर्षे सांध्यांच्या दुखण्याने जवळजवळ घरातच आहे. पुष्कळांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. शेवटी एका भगिनीने सांगितले, की तुमचा विश्वास कमी पडतो. देव प्रीती आहे हे मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. पण ज्यांच्या प्रार्थना ऐकल्या जातात त्यांच्यावर त्याची प्रीती अधिक आहे, असे आता मनात येते. हे पाप आहे काय?

प्रिय भगिनी, हे पाप नाही. हा फार खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्या मनात निर्माण होण्यास आम्ही उपदेशकही काही अंशी जबाबदार आहोत. आमच्या प्रार्थनासभांमध्ये साक्ष देण्यासाठी उभा राहतो तो ज्याचे मागणे पूर्ण झाले तोच. ज्याला नोकरी मिळाली तो उभा राहतो. जिला मिळाली नाही ती खालीच बसून टाळ्या वाजवते. वर्षानुवर्षे असे ऐकत राहिल्यावर, मागणे पुरवले जाणे म्हणजेच प्रीती, असा अर्थ कोणी न शिकवताही मनात रुजतो.

योहानाच्या अकराव्या अध्यायात बेथानी गावातील दोन बहिणी आपला भाऊ लाजर याच्याविषयी येशूला निरोप पाठवतात, की प्रभूजी, ज्याच्यावर आपली प्रीती आहे तो आजारी आहे. ज्याच्यावर प्रीती आहे तो आजारी असू शकतो, हे त्या निरोपातच आहे. पुढचे पाचवे आणि सहावे वचन तर सावकाश वाचावे असे आहे. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती, असे योहान सांगतो, आणि लगेच सांगतो, की म्हणून लाजर आजारी आहे हे ऐकल्यावरही तो होता त्या ठिकाणी आणखी दोन दिवस राहिला. प्रीती आणि विलंब ही दोन्ही योहानाने शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरते असे त्याला वाटत नाही. त्या दोन दिवसांत बेथानीच्या घरात काय वाटले असेल, ते आपण आमच्यापेक्षा अधिक चांगले जाणता.

विश्वास कमी पडल्याच्या आरोपाविषयी मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे, कारण तो आजारी माणसाच्या छातीवर ठेवलेला धोंडा आहे. पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिला. मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत येथे आजारी ठेवले, असे तो तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सहज सांगून जातो. तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठी आणि पोटासाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. या तिघांपैकी कोणाचा विश्वास कमी होता, हे त्या भगिनीने आपल्याला सांगावे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात क्लेश, उपासमार, नग्नता, तलवार अशी यादी देऊन तो म्हणतो, की यांपैकी काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून विभक्त करणार नाही. हे प्रसंग येणारच नाहीत असे त्याने लिहिले नाही, आणि ते त्याच्यावर आलेही होते.

देवाची प्रीती आपल्या गुणांवरून किंवा आपल्या प्राप्तीवरून मोजता येत नाही, कारण ती तेथून सुरू होत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएलाला सांगितले आहे, की तुम्ही संख्येने अधिक होता म्हणून परमेश्वराने तुमच्यावर प्रेम केले नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. त्याचे तुमच्यावर प्रेम होते म्हणून त्याने तुम्हाला सोडवले. प्रेम होते म्हणून प्रेम केले, याच्या पलीकडे तेथे कारण नाही. आणि त्याचे माप कोठे पाहावे, तर आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला यात पाहावे, असे पौल सांगतो. ते घडून गेले आहे. आपले सांधे आज दुखतात की दुखायचे थांबतात यावर ते अवलंबून नाही. ही प्रीती आपल्याला आज जाणवत नसेल. दीर्घ दुखण्यात जाणीव बोथट होते, आणि ज्या दिवशी काहीच जाणवत नाही त्या दिवशी आपल्या वतीने मंडळीने विश्वास धरावा, यासाठीच तर मंडळी आहे. आपल्याकडे येणाऱ्या बहिणींना पुढच्या वेळी सांगावे, की आज माझ्या विश्वासाची तपासणी नको, माझ्याजवळ बसून एक स्तोत्र वाचा.

प्रश्न : माझ्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा अपघातात गेला. भेटायला आलेल्यांपैकी कोणी म्हणाले, देवाला त्याच्या बागेत हे फूल हवे होते. कोणी म्हणाले, रडणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. एका नातेवाइकांनी तर तिच्या थकलेल्या दशांशाचा, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा, उल्लेख केला. ती आता चर्चमध्ये येत नाही. देवाशी रागाने बोलते. मी तिला काय सांगावे?

प्रिय भगिनी, आपण तिला काही सांगण्याआधी, तिच्याशी जे बोलले गेले त्याबद्दल मंडळीचा एक सेवक म्हणून मी क्षमा मागतो. हे मी वरवर लिहीत नाही. सेवेच्या पहिल्या वर्षी एका तान्ह्या मुलाच्या अंत्यविधीत मी त्याच्या आईला म्हणालो होतो, की देवाची योजना आपल्याला आज समजत नसली तरी ती उत्तम असते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही. त्या वेळी मला वाटले, की तिचे समाधान झाले. पुष्कळ वर्षांनी मला समजले, की मी ते वाक्य तिच्यासाठी बोललोच नव्हतो. त्या लहानशा पेटीसमोर मला स्वतःला उभे राहवत नव्हते म्हणून बोललो होतो.

ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा त्यांनी प्रथम योग्य तेच केले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्द बोलला नाही. त्यांचे चुकले ते आठव्या दिवशी, जेव्हा त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली. एकाच वादळात ज्याची दहा मुले घराखाली गाडली गेली त्याला त्यांच्यापैकी बिल्ददाने सांगितले, की तुझ्या मुलांनी पाप केले असेल. त्यांचे एकेक भाषण वेगळे काढून वाचले तर त्यात देवाची स्तुती आहे, त्याच्या न्यायाचे गुणगान आहे. तरीही ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांना म्हणतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाविरुद्ध तक्रार करणारा योग्य बोलला आणि देवाची वकिली करणारे अयोग्य बोलले. आपल्या बहिणीच्या रागाविषयी मला जे म्हणायचे आहे ते यात आले. ती देवाशी रागाने बोलते आहे, म्हणजे देवाशी बोलते आहे.

बागेतील फुलाविषयी. ज्या देवाने एका आईच्या मांडीवरून मूल केवळ आपली बाग सजवण्यासाठी उचलले, त्या देवावर आईने प्रेम कसे करावे? आणि असा देव ख्रिस्ताने दाखवलेला नाही. ख्रिस्त नाईनच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी थांबवतो. मृत्यूला तो शत्रू मानतो, माळी मानत नाही. दशांशाविषयी बोलणाऱ्या नातेवाइकांना मी एवढेच विचारेन, की थकबाकीसाठी मूल घेणारा कोणता बाप त्यांनी पाहिला आहे?

अश्रूंविषयी पुन्हा बेथानीलाच जावे लागते. मार्था येशूला म्हणते, प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते आणि अक्षरशः तेच वाक्य म्हणते. मार्थेला त्याने शब्दांनी उत्तर दिले, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे असे सांगितले. मरीयेला त्याने एकही सिद्धान्त सांगितला नाही, तो तिच्याबरोबर रडला. एकाच तक्रारीला दोन बहिणींना दोन वेगळी उत्तरे मिळाली, कारण त्या दोघी वेगळ्या होत्या. आणि दोघींपैकी एकीलाही, तू असे का बोललीस, म्हणून त्याने रागावले नाही. आपण लाजराला थोड्याच वेळात उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही तो रडला. मग पुनरुत्थानाची आशा असलेल्याने रडू नये हा नियम आला कोठून? पौलाने थेस्सलनीकाकरांना, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे लिहिले आहे. शोक करू नका असे लिहिलेले नाही.

मत्तयाने बेथलेहेमातील बालहत्येचे वर्णन केल्यावर यिर्मयाचे वचन दिले आहे: इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेण्यास ती तयार नाही, कारण ती मुले आता नाहीत. मत्तय तेथे थांबतो. ती मुले का गेली याचे स्पष्टीकरण तो देत नाही, राहेलीला समजावतही नाही. ज्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माचा आनंद आहे त्यातच सांत्वन नाकारणाऱ्या आईला जागा दिलेली आहे.

तेव्हा आपण बहिणीला काही सांगू नये. तिच्या घरी जावे, भांडी घासावीत, तिच्या दुसऱ्या मुलांना शाळेत पोहोचवावे. त्या मुलाचे नाव तिच्यासमोर घ्यावे. लोक नाव टाळतात आणि आईला ते दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटते. त्याच्या वाढदिवशी आणि वर्षश्राद्धाची प्रार्थना असते त्या दिवशीच नव्हे, तर मधल्या एखाद्या साध्या मंगळवारीही जावे. चर्चमध्ये येण्याचा आग्रह धरू नये. तिने विचारले, की हे का झाले, तर मला माहीत नाही असे म्हणावे. तेच खरे आहे. तिची झोप आणि अन्न पूर्णपणे तुटले असेल किंवा जगू नये असे ती बोलत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे आणि एकटे ठेवू नये.

प्रश्न : एका मोठ्या भूकंपानंतर आमच्या उपदेशकांनी सांगितले, की तेथील लोकांच्या पापांमुळे देवाचा कोप झाला. असे म्हणता येते काय?

नाही. असा प्रश्न खुद्द प्रभूपुढे आला होता आणि त्याचे उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतील इतर सर्वांहून अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ म्हटले. पश्चात्तापाचे बोल त्याने त्यापुढे ऐकवले ते मेलेल्यांविषयी नव्हे, जिवंत उभे राहून विचारणाऱ्यांना.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. सण असल्याने चर्चे उपासकांनी भरलेली होती आणि ती त्यांच्यावर कोसळली. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग पेटत राहिली. पुढच्या वर्षी गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या जेजुइट धर्मगुरूंनी, हा भूकंप नैसर्गिक कारणांनी नव्हे तर शहराच्या पापांमुळेच झाला, असे छापून प्रसिद्ध केले. प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या माणसांवर छप्पर पडले असताना हे लिहिले गेले, याचे दुःख मला आजही होते.

याउलट, तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोठी साथ आली तेव्हा तेथील बिशप डायोनिसियस यांनी एका पत्रात काय लिहिले पाहावे. आपल्या मंडळीतील पुष्कळ जण, त्यांत वडील आणि सेवकही होते, आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्याच रोगाने गेले, असे ते नोंदवतात. तेथे साथीचे कारण शोधण्यापेक्षा कोणाला पाणी पाजायचे आहे हे शोधले गेले. आपल्या उपदेशकांना आपण एकांतात भेटून लूकचा तेरावा अध्याय त्यांच्यासोबत वाचावा.

प्रश्न : मी स्वतः पाळक आहे. आमच्या भागात झालेल्या दुर्घटनेनंतर एका आठवड्यात मी अकरा जणांना मूठमाती दिली. आता मला प्रार्थना करता येत नाही, रडूही येत नाही. लोक मला देवाचा माणूस म्हणतात आणि मला लाज वाटते. येत्या रविवारी मी काय सांगावे?

प्रिय बंधू, संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली आडवा झाला आणि माझा जीव घे असे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंभ त्याच्या उशाशी ठेवला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर त्याला झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा उठवले तेही खाण्यासाठीच. देवाच्या माणसाला भूक, झोप आणि थकवा आहे, हे देवाला ठाऊक आहे. लुस्त्रात लोक बैल आणि हार घेऊन पूजा करायला आले तेव्हा पौल आणि बर्णबा कपडे फाडून ओरडले, की आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत. आपल्या वडीलमंडळींना आपणही ते सांगावे, आणि दोन आठवड्यांची रजा मागावी. जवळच्या दुसऱ्या पाळकांना आपल्यासाठी बोलवावे आणि त्यांच्यासमोर बोलावे. झोप परत येत नसेल तर डॉक्टरांना भेटण्यात कमीपणा मानू नये.

मंडळीतील जे कोणी हे वाचत असतील त्यांना विनंती, की थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाळकांना त्यांच्या कामाबद्दल प्रीतीने अत्यंत मान द्यावा असे जे सांगितले आहे, ते या आठवड्यात डबा पोहोचवून, दारावरची ये-जा थोपवून आणि पुढच्या सांत्वनभेटी आपसांत वाटून घेऊन पाळावे.

रविवारी उपदेश करू नये. स्तोत्र ८८ वाचावे. ते गाण्यासाठी, म्हणजे जमलेल्या उपासकांसमोर म्हणण्यासाठी रचलेले आहे, आणि शेवटी त्यात उजेड येत नाही; मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्द अंधार हाच आहे. ते वाचून झाल्यावर त्याला स्वतःचे काही जोडू नये. आपण खाली बसावे, आणि लोकांनाही हवा तितका वेळ बसू द्यावे.